सर्कशीच्या तंबूतली आग, होरपळलेले हत्ती आणि भाजण्याच्या उपचारांचा इतिहास

गेल्या महिन्यात नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे ड्रेसिंगला येत होता. उकळत्या वरणाचं पातेलं त्याच्या उजव्या हातावर कलंडलं होतं. आईने घाबरून त्यावर टूथपेस्ट फासली होती आणि पहिल्या दिवशी ती काढण्यातच आमची पंधरा मिनिटं गेली. लहान मुलांचं ड्रेसिंग बदलताना काहीतरी बोलत राहावं लागतं, म्हणून मी त्याला माझ्या लहानपणी पाहिलेल्या सर्कशीबद्दल सांगत होतो. हत्ती एवढ्याशा स्टुलावर कसा बसायचा, सोंडेत सोंड अडकवून रांगेत कसे यायचे वगैरे. मुलाने हुंदके देतादेताच विचारलं, "डॉक्टरकाका, तंबूला आग लागली तर हत्तीला बाहेर कोण काढतं? त्याच्या पायात तर साखळी असते."

मी विषय बदलला. उत्तर मला माहीत होतं, पण ते ड्रेसिंग टेबलावर बसलेल्या मुलाला सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हाला मात्र सांगतो. भाजलेल्या माणसांवर आज आपण जे उपचार करतो, त्यांतले बरेचसे ज्या काळात घडले त्याच काळातली ही गोष्ट आहे, आणि टूथपेस्टचाही त्यात थोडा संबंध येतो.

४ ऑगस्ट १९४२, क्लीव्हलंड

अमेरिकेतली 'रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली' ही त्या काळातली सर्वांत मोठी सर्कस. ती स्वतःच्या आगगाड्यांनी गावोगाव फिरायची. एका मैदानावर अनेक तंबू लागायचे. सर्वांत मोठ्या तंबूत खेळ व्हायचा आणि त्याच्याआधी लागायचा प्राण्यांचा तंबू. लोक तिकीट काढून आधी या प्राण्यांच्या तंबूतून फिरायचे आणि मग खेळाला बसायचे. म्हणजे एक चालतं-फिरतं प्राणिसंग्रहालयच ते.

१९४२ चा हंगाम या सर्कशीसाठी खास होता. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला पन्नास हत्ती आणि पन्नास नर्तिका यांचा बॅले त्यांनी सादर केला होता. संगीत स्ट्राविन्स्कीचं, नृत्यरचना बॅलंशीनची. जगातल्या दोन मोठ्या कलावंतांनी हत्तींसाठी काम केलं होतं, हत्तींना झालरीचे घागरे घातले होते आणि ते तालावर पावलं टाकत होते. आज आपल्याला हे कसंतरीच वाटतं. तेव्हा लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. हे सगळे आशियाई हत्ती, म्हणजे आपल्याकडच्याच जातीचे.

त्याच उन्हाळ्यात सर्कस ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडला आली. ईरी सरोवराच्या काठावर तंबू लागले. मंगळवारचा दिवस होता. दुपारच्या खेळाची गर्दी अजून आत सोडलेली नव्हती. पावणेबाराच्या सुमारास प्राण्यांच्या तंबूला आग लागली.

ती कशी लागली याबद्दल बरीच चर्चा झाली. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे की काही मिनिटांतच अख्खं छत जळून खाली आलं. खाली वाळलेलं गवत आणि पेंढा पसरलेला होता. वाघ-सिंह पिंजऱ्यांच्या गाड्यांत बंद. उंट खुंट्यांना बांधलेले. पाहणाऱ्यांनी सांगितलं की त्यांना ओढूनही ते जागचे हलेनात. हत्तींच्या पायांत साखळ्या होत्या. हत्तींचा प्रमुख माहूत वॉल्टर मॅकक्लेन आणि त्याच्या माणसांनी जळत्या तंबूत शिरून साखळ्या सोडवल्या. मग हत्ती बाहेर आले. ते सैरावैरा धावत सुटले नाहीत, शिकवल्याप्रमाणे हुकूम ऐकून बाहेर पडले. काहींच्या अंगावरची कातडी लोंबत होती.

मेलेल्या प्राण्यांचे आकडे वेगवेगळ्या नोंदींत थोडे वेगळे आहेत, पण साठहून अधिक प्राणी गेले. चार हत्ती, डझनाहून जास्त उंट, झेब्रे, सिंह, वाघ, जिराफ, हरणं. फार भाजलेल्या आणि वाचण्याची आशा नसलेल्या प्राण्यांना पोलिसांनी गोळ्या घालून सोडवलं. सर्कशीचा प्रसिद्ध गोरिला गार्गान्तुआ मात्र वाचला. माणूस एकही दगावला नाही.

वर्तमानपत्रांनी नुकसान डॉलरमध्ये मोजलं, आणि ते स्वाभाविकही होतं, कारण कागदोपत्री प्राणी म्हणजे सर्कशीची मालमत्ता. खेळाचा मोठा तंबू शाबूत होता, तेव्हा सर्कस पुढे चालू राहिली.

ते पळाले का नाहीत?

हा प्रश्न मला डॉक्टर म्हणून नेहमी पडतो, कारण माणसांच्या बाबतीतही तो येतो.

आपण समजतो की आग दिसली की प्राणी जिवाच्या आकांताने पळणारच. रानात बहुधा तसं होतं. पण पाळलेल्या आणि शिकवलेल्या प्राण्याचं गणित वेगळं असतं. घोडे पाळणाऱ्या लोकांना हे जुन्या काळापासून माहीत आहे की पेटलेल्या पागेतून बाहेर काढलेला घोडा संधी मिळताच परत आत धावतो. त्याच्यासाठी पागा ही सुरक्षित जागा असते. तिथे त्याला खायला मिळतं, तिथे तो झोपतो. बाहेर आरडाओरडा, घंटा, अनोळखी माणसं. घाबरलेला जीव ओळखीच्या जागेकडे वळतो.

याच सर्कशीच्या पूर्वजाच्या इतिहासात याचं एक उदाहरण आहे. नोव्हेंबर १८८७ मध्ये बार्नम अँड बेली सर्कशीच्या ब्रिजपोर्ट इथल्या हिवाळी मुक्कामाला आग लागली. प्राणिसंग्रह जवळजवळ सगळा जळाला. बरेचसे हत्ती सुटले आणि वाचले, पण मोठी किंमत देऊन आणलेला पांढरा हत्ती आगीतच गेला. तो बाहेर पडून पुन्हा आत शिरला असं तेव्हा सांगितलं गेलं. बार्नम हा जाहिरातबाजीत पटाईत माणूस, त्यामुळे त्याच्याकडच्या कुठल्याही गोष्टीत मीठमसाला असणार हे धरून चालावं. पण ही गोष्ट घोडेवाल्यांच्या अनुभवाशी जुळते खरी.

क्लीव्हलंडच्या हत्तींबाबत आणखी एक गोष्ट होती. त्यांना वर्षानुवर्षं एकच शिकवलेलं: माहुताने सांगितल्याशिवाय हलायचं नाही. सर्कशीतला हत्ती हजारो माणसांच्या जवळून फिरतो तो याच शिकवणीच्या भरवशावर. त्या शिकवणीमुळेच ते आगीत उभे राहिले आणि त्या शिकवणीमुळेच मॅकक्लेनचा आवाज ऐकून शिस्तीत बाहेर आले. ती चांगली की वाईट, हे मला ठरवता येत नाही.

आणि माणसं? आगीच्या प्रसंगी माणूसही ज्या दाराने आत आला त्याच दाराकडे धावतो, शेजारचं दार उघडं असलं तरी. सूचना मिळेपर्यंत जागेवर बसून राहणारेही बरेच असतात. आपण घोड्यांपेक्षा फार निराळे नाही.

मेणाचं छत

आता तंबूबद्दल. त्या काळी सर्कशीचे तंबू जाड सुती कापडाचे असत. पाऊस आत येऊ नये म्हणून त्यावर मेण चढवायची रीत होती. पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीचं मेण, पेट्रोलमध्ये विरघळवायचं आणि ते कापडावर पसरायचं. पेट्रोल उडून जातं, मेण कापडात मुरतं. कापड पाण्याला पक्कं होतं.

घरातली मेणबत्ती आठवा. तिच्यात काय असतं? सुताची वात आणि भोवती मेण. नुसती वात पेटवली तर ती लगेच जळून संपते. नुसत्या मेणाला काडी लावली तर ते सहज पेटत नाही. दोन्ही एकत्र आले की जे होतं ते आपल्याला दिव्यासाठी हवं असतं. तंबू म्हणजे एकराएवढी पसरलेली वात होती आणि खाली प्राणी बांधलेले होते.

पॅराफिन साधारण पन्नास-साठ अंश सेल्सियसला वितळतं. छताला आग लागली की ते वितळून थेंबाथेंबाने खाली पडू लागतं आणि ते थेंब पेटलेले असतात. तेल किंवा मेण अंगावर पडणं हे पाणी सांडण्यापेक्षा वाईट असतं. पाणी ओघळून जातं आणि लवकर थंड होतं; मेण कातडीला चिकटून बसतं आणि उष्णता आत सोडत राहतं. स्वयंपाकघरात तेल उडून भाजलेल्या जखमा पाण्याने भाजलेल्या जखमांपेक्षा खोल का असतात, त्याचं एक कारण हेच.

कातडी गेली की काय जातं

हत्तीची कातडी पाठीवर इंचभरापर्यंत जाड असते, पण कान कागदासारखे पातळ. त्या कानांत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. हत्तीला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला तो कान हलवतो. कान हा त्याचा पंखा आणि रेडिएटर दोन्ही. वरून आगीचा पाऊस पडत असताना पहिल्यांदा भाजतात ते कान, डोकं आणि पाठ.

कातडीला आपण नुसतं वेष्टण समजतो. खरं म्हणजे शरीरातलं पाणी शरीरात ठेवण्याचं काम ती करते. मोठ्या भागावरची कातडी जळली की रक्तवाहिन्या गळक्या होतात आणि रक्तातला द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, जखमेतून आणि आजूबाजूच्या पेशींत झिरपत जातो. भाजल्याजागी येणारा फोड हा त्याच पाण्याने भरलेला असतो. पहिल्या चोवीस तासांत हे इतकं निघून जातं की रक्तदाब उतरतो, लघवी बंद होते आणि रुग्ण शॉकमध्ये जातो. तोपर्यंत तो शुद्धीवर असतो, बोलत असतो, नातेवाइकांना वाटतं की धोका टळला. मी इंटर्न असताना बर्न्स वॉर्डमध्ये हे पहिल्यांदा पाहिलं. स्टोव्हच्या भडक्याने भाजलेली एक बाई सकाळी आमच्याशी घरच्या गोष्टी बोलत होती आणि रात्री नव्हती. तिच्या सासूबाई बाकावर बसून मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "अहो, पण ती तर चहा मागत होती."

फोडांतलं पाणी म्हणजे रक्तातलाच द्रव आहे, ही गोष्ट नीट कळली तीही एका करमणुकीच्या जागेतल्या आगीमुळे. १९२१ साली अमेरिकेतल्या न्यू हेवन इथे रियाल्टो थिएटरला आग लागली आणि तिथल्या जखमींच्या फोडांतलं पाणी फ्रँक अंडरहिल या शास्त्रज्ञाने तपासलं. भाजलेल्या रुग्णाला शिरेतून भरपूर द्रव द्यायला हवा, या विचाराची सुरुवात तिथून झाली.

दुसरा मारेकरी धूर. जळताना तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस किंवा प्राणी श्वास घेत असतो पण ऑक्सिजन पेशींपर्यंत पोहोचत नाही. शिवाय गरम धुराने श्वासनलिका सुजते. नाकातले केस जळलेले, आवाज घोगरा, थुंकीत काजळी, असा रुग्ण आला की अंगावर एकही जखम नसली तरी आम्ही त्याला घरी सोडत नाही. सूज काही तासांनी वाढते आणि मग नळी घालायलाही जागा उरत नाही.

सर्कशीचा डॉक्टर

क्लीव्हलंडला त्या दिवशी सर्कशीचे पशुवैद्य डॉ. जे. वाय. हेंडरसन हजर होते. टेक्ससचे, नोकरीला लागून फार दिवस झालेले नव्हते. पुढे त्यांनी आपल्या आठवणींचं पुस्तकही लिहिलं. त्यांच्यापुढे होते भाजलेले हत्ती. विचार करा, चार-पाच टन वजनाच्या रुग्णाला किती सलाइन लागेल? माणसाच्या हिशेबाने धरलं तर शेकडो लिटर. त्या काळी मोठ्या दवाखान्यांतही माणसांना पुरेसं मिळत नव्हतं. हेंडरसन यांच्याकडे होतं ते जखमांवर लावायचं तेलकट औषध. ते त्यांनी हत्तींच्या अंगावर फवारलं आणि चोपडलं. काही हत्ती त्यातून वाचले, काही वाचले नाहीत.

पण हेंडरसन यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा माणसांचे डॉक्टर तरी काय करत होते? १९२५ मध्ये डेट्रॉइटच्या एडवर्ड डेव्हिडसन यांनी भाजलेल्या जखमांवर टॅनिक ॲसिड लावायला सुरुवात केली आणि ते जगभर पसरलं. टॅनिन म्हणजे चहाला तुरटपणा देणारा आणि चामडं कमावताना वापरला जाणारा पदार्थ. जखमेवर त्याची कडक काळी खपली धरायची आणि पाणी झिरपणं थांबल्यासारखं वाटायचं. थोडक्यात, रुग्णाच्या कातडीचं चामडं कमवायचं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांवर उपचार करणाऱ्या आर्चिबाल्ड मॅकिंडो यांच्या लक्षात आलं की या खपलीमुळे बोटं आखडतात आणि पापण्या ओढल्या जातात. त्यांनी ते बंद करून मिठाच्या पाण्याच्या अंघोळी सुरू केल्या. टॅनिक ॲसिड यकृताला घातक आहे हेही त्याच सुमारास कळलं.

म्हणून मी टूथपेस्ट लावणाऱ्या आईवर रागावत नाही. सतरा-अठरा वर्षं अख्ख्या जगातले डॉक्टर याहून फार वेगळं करत नव्हते. पण आता आपल्याला माहीत आहे, तेव्हा इथेच सांगून टाकतो. भाजल्यावर लगेच नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली तो भाग वीस मिनिटं धरा. घड्याळ लावून वीस मिनिटं. दोन मिनिटांत उरकू नका. बर्फ नको. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज येण्याआधी काढा. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद, बटाट्याचा कीस, कॉफी पावडर यांपैकी काहीही लावू नका. त्याने उष्णता आत कोंडते, जंतू शिरतात आणि जखम किती खोल आहे हे आम्हाला दिसत नाही. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळा आणि डॉक्टरकडे या. चेहरा, हात, पाय, सांधे, गुप्तांग भाजलं असेल, किंवा लहान मूल अथवा वयस्कर माणूस असेल, तर जखम लहान दिसली तरी थांबू नका.

क्लीव्हलंडनंतर चार महिनेही झाले नव्हते. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री बोस्टनमध्ये 'कोकोनट ग्रोव्ह' नावाच्या नाइटक्लबला आग लागली. खोटी ताडाची झाडं, कापडी छत, गोल फिरणारं दार गर्दीने अडकलेलं, काही दारं आतल्या बाजूला उघडणारी. ४९२ माणसं मेली. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ११४ जणांना आणलं, त्यांतले उपचारांसाठी जिवंत उरले फक्त ३९. युद्धामुळे या हॉस्पिटलने मोठ्या अपघाताची तयारी करून ठेवली होती. तिथे ऑलिव्हर कोप आणि सहकाऱ्यांनी टॅनिक ॲसिड वापरलं नाही. जखमा घासल्याही नाहीत. साधं मलम लावलेलं गॉज, हलकी पट्टी आणि शिरेतून प्लाझ्मा. फुप्फुसाच्या इजेकडे वेगळं लक्ष दिलं. तेव्हा अगदी नवं असलेलं पेनिसिलिनही काही रुग्णांना मिळालं. आज आमच्या वॉर्डात जे चालतं त्याचा पाया बराचसा त्या एका महिन्यात घातला गेला.

म्हणजे वैद्यकशास्त्र शिकलं. सर्कस शिकली का?

दोन वर्षांनी, हार्टफर्ड

६ जुलै १९४४, गुरुवार. तीच रिंगलिंग सर्कस कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डला होती. दुपारचा खेळ. पुरुष मोठ्या संख्येने युद्धावर, त्यामुळे प्रेक्षकांत बायका आणि मुलंच जास्त. सहा हजारांच्या वर माणसं आत होती. खेळाच्या तंबूच्या कापडावर सुमारे आठशे किलो पॅराफिन चढवलेलं होतं, पेट्रोलमध्ये विरघळवून. अग्निरोधक रसायनं युद्धाच्या कामासाठी राखून ठेवली जात होती आणि ती आम्हाला मिळाली नाहीत, असं सर्कशीच्या लोकांनी नंतर सांगितलं.

खेळ सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली होती. वाघ-सिंहांचा खेळ संपला होता आणि त्यांना परत नेण्यासाठी लोखंडी जाळीच्या बोळकांड्या रिंगणापासून बाहेरपर्यंत लावलेल्या होत्या. तंबूच्या भिंतीला आग दिसली. बँडमास्टर मर्ल एव्हान्स याने ठरलेली धून सुरू केली. सर्कशीच्या जगात ती धून म्हणजे संकटाचा इशारा असे. कामगारांना कळायचं, प्रेक्षकांना कळत नसे. लोक ओळखीच्या दारांकडे धावले. तिथे प्राण्यांच्या बोळकांड्या आडव्या होत्या. मुलांना त्यांवरून उचलून पलीकडे देता देता लोक मागच्या लोंढ्याखाली गेले. वरून पेटतं मेण पडत होतं. दहा मिनिटांच्या आत तंबू कोसळला.

१६७ माणसं मेली, जखमी शेकड्यांनी. या वेळी प्राणी मात्र वाचले.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त खटकतं ते इथे. क्लीव्हलंडला काय झालं ते सगळ्यांना दिसलं होतं. सर्कशीचं छत किती मिनिटांत खाली येतं, बांधलेल्या-अडकलेल्या जिवांचं काय होतं, सुटायला किती वेळ मिळतो, हे सगळं तिथे कळलं होतं. एवढी स्पष्ट सूचना पैसे देऊनही मिळत नाही. पण मेले ते उंट, झेब्रे आणि हत्ती होते. दुर्घटना मालमत्तेच्या खात्यात गेली. चार हत्तींऐवजी त्या दिवशी चार माणसं गेली असती, तर हार्टफर्डला मेणाचा तंबू लागला असता का? माझं मत आहे की लागला नसता. हार्टफर्डनंतर सर्कशीच्या अधिकाऱ्यांवर मनुष्यवधाचे खटले झाले आणि कंपनीने वर्षानुवर्षं मिळून जवळजवळ पन्नास लाख डॉलर भरपाई दिली. मग तंबू अग्निरोधक झाले.

निदान तिथले. ब्राझीलमध्ये नितेरॉय इथे १७ डिसेंबर १९६१ ला एका सर्कशीचा तंबू पेटवून देण्यात आला. तोही सुती, तोही मेण लावलेला. सरकारी आकडा ५०३ मृत्यूंचा, त्यांत मुलं खूप. गावातलं मोठं रुग्णालय त्या वेळी बंद होतं, ते लोकांनी उघडायला लावलं. प्लास्टिक सर्जन इव्हो पितांगी तिथे धावले आणि महिनोन्‌महिने त्वचारोपणाची कामं करत राहिले. पुढे ते श्रीमंतांचे सौंदर्य-सर्जन म्हणून जगभर गाजले, पण भाजलेल्या गरीब मुलांच्या या कामाचा उल्लेख ते नेहमी करत.

आपल्याकडे ७ फेब्रुवारी १९८१ ला बंगळुरात व्हीनस सर्कशीच्या तंबूला आग लागली. ९२ जण गेले. बरीचशी शाळेची मुलं होती.

भारतीय सर्कशीची सुरुवात आपल्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये केली, त्यामुळे मराठी माणसाला सर्कशीबद्दल जिव्हाळा असणं साहजिक आहे. मलाही आहे. १९९८ मध्ये केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, तेव्हा आमच्या घरात "आता सर्कशीत बघायचं काय?" असं कोणीतरी म्हणालं होतं. तेव्हा क्लीव्हलंडची गोष्ट मला माहीत नव्हती.

सर्कशी कमी झाल्या, पण कापडी मांडव कमी झालेले नाहीत. गणपतीत, नवरात्रात, लग्नसराईत आपण जाळीदार पडदे, थर्माकोल, कृत्रिम फुलं आणि हॅलोजन दिवे यांच्याखाली शेकडो माणसांसोबत बसतो, आणि मागे गॅसवर भटारखाना चालू असतो. मी अलीकडे अशा ठिकाणी गेलो की बसण्याआधी दुसरं दार कुठे आहे ते पाहून घेतो. बायको हसते. बहुतेक वेळा त्या दारापुढे खुर्च्या रचून ठेवलेल्या असतात आणि मी त्या बाजूला करायला सांगतो. कॅटरिंगवाले कुरकुरतात, पण करतात.

त्या मुलाला शेवटच्या ड्रेसिंगला मी नितेरॉयमधली एक गोष्ट सांगितली. तिथे पेटलेल्या तंबूतून एक हत्तीण कापड फाडून बाहेर पडली आणि तिने पाडलेल्या भगदाडातून अनेक माणसं सुटली, असं वाचलेले लोक सांगत. त्याने ती दोनदा सांगायला लावली. जखम भरली आहे. करंगळी अजून पूर्ण सरळ होत नाही, त्यासाठी व्यायाम आणि रात्री पट्टी चालू आहे.